गोळी लिहिण्याआधी झोपेबद्दल विचारा

महाराष्ट्रातल्या सगळ्या फॅमिली डॉक्टरांना,



मी साताऱ्याची. सरकारी कचेरीच्या लेखा शाखेत बत्तीस वर्षं काम करून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. हे पत्र कुणा एका डॉक्टरांसाठी नाही. ज्यांच्या दवाखान्याच्या पायरीवर चपला काढून आम्ही आत येतो, घरातल्या तीन पिढ्यांचं दुखणंखुपणं ज्यांना ठाऊक असतं, त्या तुम्हा सगळ्यांसाठी आहे. तुमच्यावर विश्वास आहे म्हणूनच लिहिते आहे.

वयाच्या ५२ व्या वर्षी माझी झोप बिघडली. साडेनऊला अंथरुणावर पडायचे, साडेअकराला कधीतरी डोळा लागायचा आणि पहाटे तीनला टक्क जाग यायची. मग साडेपाच-सहाला कधीतरी जरा झापड यायची, तोवर उठायची वेळ झालेली असे. यजमानांची बायपास नुकतीच झाली होती, धाकटीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि माझी पाळी जायचे ते दिवस होते. रात्री अंगातून वाफा निघायच्या, गाऊन घामाने भिजायचा. असे दोन महिने काढल्यावर दवाखान्यात गेले. नंबर यायला सव्वा तास लागला, आत तीन मिनिटं मिळाली. ‘झोप येत नाही’ एवढंच मला सांगता आलं. डॉक्टरांनी बीपी पाहिलं, ‘टेन्शन घेऊ नका, वय झालं की असं होतं’ म्हणाले आणि अल्प्राझोलाम पाव मिलिग्रॅम लिहून दिली. किती दिवस घ्यायची ते चिठ्ठीवर नव्हतं, मीही विचारलं नाही. पहिल्या रात्री सात तास झोपले आणि सकाळी त्या डॉक्टरांचे मनोमन उपकार मानले.

ती गोळी मी साडेतीन वर्षं घेतली. पाव मिलिग्रॅमची अर्धा मिलिग्रॅम कधी झाली हे आता नीट आठवतही नाही.

माझी पहिली तक्रार त्या तीन मिनिटांबद्दल आहे. ‘पोटात दुखतंय’ म्हणून पेशंट आला तर तुम्ही त्याला टेबलावर झोपवता, चार ठिकाणी दाबून बघता, कधीपासून दुखतंय, जेवणाआधी की नंतर, हे सगळं विचारता. ‘झोप येत नाही’ हीसुद्धा तशीच तक्रार आहे. तिच्यामागे दहा कारणं असू शकतात, आणि तरी तिला एकच गोळी ठरलेली. रात्री घाम येतो का, हे मला कुणी विचारलं असतं तर पाळी जाण्याच्या त्रासावर आधी काही करता आलं असतं. पलीकडच्या वाड्यातल्या एका वहिनींना अंथरुणाला पाठ टेकली की पायात ओढ लागायची. पाय हलवल्याशिवाय चैन पडत नसे, म्हणून त्या रात्री अंगणात येरझाऱ्या घालायच्या. त्यांनाही माझ्यासारखीच गोळी चालू होती. पुढे दुसऱ्याच कारणाने रक्त तपासलं तेव्हा अंगात लोह फार कमी निघालं. लोहाचा साठा आटला की पायांची अशी तळमळ होऊ शकते, हे तुम्हाला मी सांगायला नको. आमच्याकडच्या बायकांत रक्त कमी असणं किती सर्रास आहे तेही तुम्ही रोज बघता. पण झोपेची तक्रार घेऊन आलेल्या बाईला ‘रात्री पाय कसे असतात?’ असं विचारायचं राहून जातं.

घोरण्याबद्दल तर मला कळकळीने सांगायचं आहे. माझा मावसभाऊ भाजीचा टेम्पो चालवतो. रात्री अकराला साताऱ्याहून निघून खंबाटकी घाट उतरायचा आणि पहाटे वाशीच्या मार्केटला माल टाकायचा. मान आखूड, पोट सुटलेलं, आणि घोरणं असं की शेजारच्या खोलीत आपल्याला झोप लागू नये. घरात सगळे म्हणायचे, ‘बिचारा दमतो, गाढ झोपतो.’ बीपीच्या तीन गोळ्या चालू होत्या, तरी बीपी खाली येत नव्हतं. वर दिवसा पेंग येते म्हणून त्याला ताकदीचं औषध आणि रात्री नीट झोप लागावी म्हणून झोपेची गोळी, असं दोन्ही चालू होतं. एकदा घाटाच्या तोंडाशी त्याचा डोळा लागला आणि टेम्पो कठड्याला घासत गेला. क्लीनरने आरडाओरडा केला म्हणून दोघं वाचले.

त्यानंतर त्याची झोपेची तपासणी झाली. बोटाला चिमटा, नाकाशी नळी आणि छातीला पट्टा लावून तो एक रात्र झोपला. सकाळी कळलं की तासाला चाळीसहून जास्त वेळा त्याचा श्वास अडत होता. तासाला तीसच्या वर आकडा गेला की तो आजार तीव्र समजतात. असा श्वास अडणाऱ्या माणसाला झोपेची गोळी दिली तर घशाचे स्नायू आणखी सैल पडतात, श्वास आणखी अडू शकतो. या आजारावर नाकावाटे हवेचा दाब देणारं यंत्र ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली जगापुढे मांडलं, म्हणजे ही काही कालची नवलाई नाही. पहिले पंधरा दिवस भावाला त्या यंत्राचा मास्क सोसवत नव्हता, दोनदा त्याने काढून फेकला. तिसऱ्या आठवड्यात वहिनींचा फोन आला, ‘ताई, घरात इतकं शांत वाटतंय की मीच दचकून उठते.’ बीपीच्या तीन गोळ्यांवरून तो आता एकीवर आला आहे. एवढं सगळं उलगडायला त्याच्या बायकोला एकच प्रश्न विचारायला हवा होता, ‘घोरता घोरता यांचा श्वास मध्येच थांबतो का?’ सहा वर्षं दवाखान्यात ती त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसत होती.

आता गोळीबद्दल. त्या पाकिटावर लाल चौकटीत सूचना असते. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही औषधं एच-वन यादीत आहेत. दुकानदाराने ती चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची, असा कायदा आहे. माझी एकच चिठ्ठी अडीच वर्षं चालली. तिच्या घड्या फाटल्या, मी त्या चिकटपट्टीने जोडल्या. मेडिकलवाला ओळखीचा असल्याने पुढेपुढे मी चिठ्ठी पर्समधून काढतही नव्हते. चूक त्याची होती, माझीही होती. पण चिठ्ठीवर ‘फक्त पंधरा दिवस’ असं कुणी लिहिलं असतं तर मी थांबले असते. लेखा शाखेत आयुष्य गेलेली मी बाई, लिहिलेलं पाळते.

एका दिवाळीत दुकानं बंद होती आणि माझं पाकीट संपलं. दुसऱ्या दिवशी रांगोळी घालताना हात थरथरायला लागले, छाती धडधडली, अंगाला दरदरून घाम सुटला. मला वाटलं, हार्ट अटॅकच आला. तो गोळी एकदम सुटल्याचा परिणाम होता. अशा वेळी एखाद्याला फिटही येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये या जातीच्या सगळ्या गोळ्यांवर सवय लागण्याचा आणि एकदम बंद केल्यास होणाऱ्या धोक्याचा ठळक इशारा छापायला लावला. मला मात्र ते रांगोळीपाशी बसून कळलं.

आणि माझी आई. तिला ७६ व्या वर्षी हीच गोळी सुरू झाली, वेगळ्या गावात, वेगळ्या दवाखान्यात. रात्री लघवीला उठली, मोरीच्या उंबऱ्याला पाय अडखळला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्यानंतर ती काठीशिवाय चालली नाही. वयस्कर माणसांना या गोळ्या शक्यतो देऊच नयेत, कारण पडण्याचा, हाड मोडण्याचा आणि विसरभोळेपणाचा धोका वाढतो, असं अमेरिकेतल्या वृद्धांच्या डॉक्टरांच्या संस्थेची यादी बजावते. तुमच्याही पुस्तकांत ते असणार. आईचा पाय गोळीमुळेच अडखळला असं मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा माझ्यापाशी नाही. पण दवाखान्यातून घरी सोडताना कागदावर तीच गोळी पुन्हा लिहिलेली होती, आणि ‘ही अजून हवी का?’ असं कुणाच्या मनात आलं नाही. ते मला आजही सलतं.

या सगळ्यातून मी बाहेर कशी आले ते सांगते, म्हणजे मला काय मागायचं आहे ते स्पष्ट होईल. भाचीच्या घरी पुण्याला गेले असताना तिने एका मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी सात प्रश्नांचा एक कागद भरून घेतला, मग विचारलं, ‘अंथरुणात किती तास असता आणि त्यात झोपता किती?’ मी हिशेब केला. साडेनऊ ते सहा म्हणजे साडेआठ तास अंथरुणात, त्यात झोप जेमतेम पाच तास. ते म्हणाले, ‘उरलेले साडेतीन तास तुम्ही अंथरुणात काळजी करायचा सराव करता.’ ते वाक्य माझ्या मनात घर करून बसलं.

त्यांनी मला रात्री बाराच्या आधी अंथरुणाला पाठ टेकायची बंदी केली. उठायचं साडेपाचला, रात्र कशीही गेली तरी. दुपारची वामकुक्षी बंद. संध्याकाळचा सहाचा चहा बंद, कारण पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं पाच-सहा तासांनीसुद्धा अंगात असतं. झोप आली नाही असं वाटलं की उठून पुढच्या खोलीत जायचं, मंद दिव्यात बसायचं आणि पेंग आल्यावरच परत यायचं. घड्याळाकडे बघायचं नाही. स्वयंपाकघरात कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहितो तशी मी तारखेच्या चौकटीत झोपेची नोंद लिहायला लागले. ‘दूध दीड’च्या खाली ‘झोप चार’.

पहिले दहा दिवस फार वाईट गेले. रात्री साडेअकराला डोळे मिटायचे आणि तरी जागं राहायला लागायचं. मी ओट्याशी उभी राहून शेंगा सोलायचे, कारण बसले की मान खाली जायची. यजमान म्हणाले, ‘हे कसलं औषध, आहे ती झोपही घालवतंय.’ पण अकराव्या की बाराव्या रात्री पहाटे तीनची जाग आलीच नाही. अंथरुणातला बहुतेक वेळ झोपेत जायला लागला तशी त्यांनी पंधरा-पंधरा मिनिटं वाढवून दिली. तीन महिन्यांनी मी साडेदहाला झोपून साडेपाचला उठत होते. गोळी त्याच्या बरोबरीने उतरवली, आठवड्या-दोन आठवड्यांनी थोडी थोडी, पाच महिने लावून. शेवटीशेवटी गोळीचा तुकडा सुरीखाली भुगा व्हायचा, म्हणून मेडिकलमधून गोळी कापायची प्लॅस्टिकची डबी आणली. ती डबी अजून कपाटात आहे.

यात जादू काहीच नाही. झोप आल्यावरच अंथरुणात जायचं हा नियम रिचर्ड बुट्झिन यांनी १९७२ मध्ये मांडला, अंथरुणातला वेळ कमी करण्याची रीत आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये. या सगळ्याची मिळून जी उपचारपद्धती झाली तिला सीबीटी-आय म्हणतात. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संस्थेने २०१६ साली स्पष्ट सांगितलं की मोठ्या माणसांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार हाच, गोळीचा विचार त्यानंतर. मग गोळी आमच्यापर्यंत पोचली आणि हे पोचलं नाही, असं का? फिट येणाऱ्याला, मूड खूप वरखाली होणाऱ्याला किंवा रात्री गाडी चालवणाऱ्याला ही झोप कमी करण्याची रीत स्वतःच्या मनाने करू देऊ नये, हेही खरं. म्हणून तर ती मोबाईलवर बघून करण्यापेक्षा तुमच्याकडून कळायला हवी.

तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. बाहेर साठ माणसं बसलेली असतात, पेशंटलाच गोळी हवी असते, गोळी दिली नाही तर तो शेजारच्या दवाखान्यात जातो. पण पेशंट ऐकत नाहीत हे पूर्ण खरं नाही. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात एक प्रयोग झाला, २०१४ साली तो छापून आला. वर्षानुवर्षं या गोळ्या घेणाऱ्या ६५ च्या पुढच्या माणसांना औषधाच्या दुकानांमार्फत एक साधी पुस्तिका दिली. गोळीचे धोके, ती हळूहळू कमी करायचं वेळापत्रक आणि ‘तुमच्या डॉक्टरांशी बोला’, एवढंच तिच्यात होतं. सहा महिन्यांनी पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्के लोकांनी गोळी पूर्ण सोडली होती, न मिळालेल्यांत ५ टक्के. एका पुस्तिकेने हे झालं. तुम्ही तोंडाने दोन वाक्यं बोललात तर किती होईल!

‘टेन्शन घेऊ नका’ या वाक्याबद्दलही थोडं बोलते. टेन्शन कुणी हौसेने घेत नाही. माझं टेन्शन मोडलेल्या लग्नाचं होतं आणि यजमानांच्या छातीवरच्या टाक्यांचं होतं. हे वाक्य ऐकलं की वाटतं, चूक माझीच आहे, मलाच जमत नाही. त्याऐवजी ‘कशाचं?’ एवढं विचारा. उत्तर दोन मिनिटांत संपेल, आणि सांगून झाल्यावर माणूस हलका होऊन बाहेर पडेल. ज्याचं दोन मिनिटांत संपणार नाही त्याला १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा नंबर लिहून द्या. सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा फुकट आहे, रात्रीबेरात्री चालू असते आणि मराठीत बोलता येतं. आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर मी तो नंबर कधी पाहिला नाही.

‘योगा करा’ हेही तसंच. कुठला, किती वेळ, कसा? १९६९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या ४७ पेशंटना शवासन शिकवलं, रोज अर्धा तास. काहींचा रक्तदाब उतरला, काहींच्या गोळ्या कमी करता आल्या, आणि हा अभ्यास परदेशी नियतकालिकात छापून आला. आपल्याच मुंबईत झालेलं काम आहे हे. पण त्यांनी पेशंटला ‘करा’ म्हणून घरी पाठवलं नव्हतं, शिकवलं होतं. मला ते पुण्याच्या डॉक्टरांकडच्या बाईंनी शिकवलं. आधी मुठी घट्ट आवळून सोडायच्या, मग खांदे, मग जबडा. जबडा सोडला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की वर्षानुवर्षं मी दात दाबून झोपत होते. श्वास घ्यायला जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट सोडायला. आणि संध्याकाळी सातला पंधरा मिनिटं वही घेऊन बसायचं, उद्याच्या सगळ्या काळज्या तिच्यात उतरवायच्या, म्हणजे त्या पहाटे तीनला उठवायला येत नाहीत. माझ्या अशा चार वह्या भरल्या आहेत. पहिल्या वहीत पानोपानी धाकटीचं लग्न आहे. चौथ्या वहीत तिच्या मुलाचे दात येतायत.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. झोपेची नवी गोळी लिहिताना किती दिवस ते आकड्यात लिहा. साठीच्या पुढच्या प्रत्येक पेशंटला वर्षातून एकदा सगळी पाकिटं पिशवीत घालून आणायला सांगा आणि झोपेची गोळी दिसली तर ती हळूहळू उतरवता येईल का ते बघा, एकदम मात्र तोडू नका. घोरणाऱ्याच्या बायकोला विचारा, घोरणारीच्या नवऱ्यालाही विचारा. चाळिशी-पन्नाशीच्या बाईला घामाचं आणि पायांचं विचारा. आणि एक पानाचा कागद मराठीत छापून काउंटरवर ठेवा: उठायची वेळ एकच, झोप आल्यावरच अंथरुण, दुपारची झोप नको, संध्याकाळचा चहा नको, आणि झोपायला म्हणून दारूचा पेग नको, कारण ती झोपवते खरी पण उत्तररात्री उठवून बसवते. तालुक्याच्या डॉक्टरांच्या संघटनेने मनावर घेतलं तर हा कागद एका बैठकीत तयार होईल. मजकूर लिहायला, प्रुफं तपासायला मी येईन. छपाईचा खर्च म्हणून माझ्या पेन्शनमधले दोन हजार रुपये बाजूला काढून ठेवले आहेत.

आई गेली त्याला दीड वर्ष झालं. तिच्या कपाटात गोळ्यांची तीन पूर्ण पाकिटं निघाली, मी ती अजून फेकलेली नाहीत. तुमच्यापैकी ज्या डॉक्टरांना हा कागद छापायचा असेल त्यांनी या मासिकाच्या पत्त्यावर मला दोन ओळी पाठवाव्यात.

आपली नम्र,
साताऱ्याची एक पेशंट